बाबांकडे राहिलेली थाई गाणी

"परक्याची वस्तू घरात ठेवून मी विमानात बसणार नाही," असं बाबांनी शनिवारी सकाळी चहा पिताना जाहीर केलं आणि आमचा रविवार तिथल्या तिथे ठरला. विमान गुरुवारचं होतं. वस्तू म्हणजे एक छोटा लाल स्पीकर, अंगाच्या साबणापेक्षा थोडा मोठा, मेमरी कार्डावरची गाणी वाजवणारा. त्यातली सगळी गाणी थाई होती, आणि ज्याचा तो होता त्याचं नावही आम्हाला ठाऊक नव्हतं.

आधी थोडं मागचं सांगतो. ही २०१६ मधली गोष्ट. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि बाबा सांगलीत एकटे होते. मी हट्टाने त्यांना तीन महिन्यांसाठी सिंगापूरला, आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटवर आणलं. आणलं खरं, पण मी दिवसभर वन-नॉर्थला ऑफिसात, माझी बायको केतकी रॅफल्स प्लेसला बँकेत, लेक शाळेत, आणि बाबा नवव्या मजल्यावर एकटेच. म्हणजे सांगलीतला एकटेपणा मी विमानाचं तिकीट काढून इकडे आणला होता, एवढंच. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क असताना ज्यांचा आवाज जिन्यापर्यंत यायचा, ते आता तीन शब्दांवर दिवस काढत होते. "हो", "नको" आणि "असू दे".

तेव्हा आमच्या ब्लॉकची रंगरंगोटी आणि दुरुस्ती चालली होती. इकडे इमारतीच्या तळमजल्याला भिंती नसतात, मोकळी जागा असते, तिला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे एक थाई कामगार रोज दुपारी डबा खायला बसायचा आणि हा स्पीकर लावायचा. बाबा एक केळं घेऊन खाली जायला लागले. मी विचारलं, "काय बोलता तुम्ही दोघं?" तर म्हणाले, "काही नाही. गाणी ऐकतो." दोन महिने हे असं चाललं. मला वाटलं, वेळ जातोय त्यांचा, जाऊ दे.

मग काम संपलं. शेवटच्या दिवशी कामगारांना न्यायला लॉरी आली, गडबड उडाली, आणि त्या माणसाने जाता जाता स्पीकर बाबांच्या हातात ठेवला, काहीतरी बोलला आणि लॉरीत चढला. बाबांना वाटलं, सांभाळायला दिलाय, उद्या येऊन नेईल. उद्या कोणी आलं नाही. परवाही नाही. पंधरा दिवस बाबा रोज दुपारी स्पीकर घेऊन खाली बसून येत होते. "आजोबा, अंकलला द्यायलाच पाहिजे, कीप करून चालणार नाही लाह," असं आमच्या लेकीनेही इथल्या सिंगापुरी थाटात सुनावलं.

सिंगापूरमधले थाई लोक रविवारी कुठे भेटतात, हे इथे कोणालाही विचारा. बीच रोडवर एक जुनी, पायऱ्यापायऱ्यांची प्रचंड इमारत आहे, तिथे. बाबा चेहरा ओळखणार होते, पण तो समोर आला तरच; लोकांना विचारायला माझ्यापाशी खुणा दोनच होत्या. कमरेला चौकड्यांचा पंचा आणि पुढचा एक सोन्याचा दात. एवढ्यावर माणूस सापडणार नाही हे मला कळत होतं. पण बाबांनी पांढरा शर्ट घातला होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

जायचं असेल तर रस्ता सोपा आहे. बुकित बातोकहून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जुरोंग ईस्ट, तिथे हिरव्या लाइनला बदलायचं आणि लॅव्हेंडरला उतरायचं. तासभर लागतो, तिकीट अडीच डॉलरच्या आत. लॅव्हेंडरहून दहा-पंधरा मिनिटं चालायचं, छत्री असू द्या, उन्हासाठी. सकाळी अकराच्या सुमारास पोचलात तर गर्दी अजून बसलेली नसते. आम्ही पोचलो तेव्हा इमारतीपुढे हाट्याईला जाणाऱ्या बसगाड्यांच्या कचेऱ्या उघडल्या होत्या, हाट्याई म्हणजे मलेशिया ओलांडल्यावर लागणारं थाई गाव. बाहेरच चार तोंडांच्या देवाचं छोटं देऊळ होतं, झेंडूच्या माळांनी भरलेलं. बाबा थांबले. "हा ब्रह्मदेव," म्हणाले. "आपल्याकडे याचं देऊळ शोधून सापडत नाही, आणि इथे बसस्टँडवर." चप्पल काढून त्यांनी नमस्कार केला. मी मोजलं, एका दमात दहा-बारा शब्द झाले होते.

आत शिरल्यावर माझी पहिली खूण निकालात निघाली. चौकड्यांचा पंचा तिथे निम्म्या पुरुषांपाशी होता. कोणी कमरेला, कोणी गळ्यात, कोणी डोक्याला. दुसऱ्या खुणेसाठी प्रत्येकाला हसवणं भाग होतं. अर्धा तास आम्ही वर-खाली फिरलो. एका जेवणाच्या दुकानात बसून घेतलं. शाकाहाऱ्यांनी इथे "जे" हा शब्द पाठ करून जावा, त्यात मासळीचा रसही चालत नाही. आम्हाला नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा मिळाला, पाच डॉलरला. बाबा म्हणाले, "साखरभातात आंबा घालून खातात हे लोक. शहाणे आहेत."

मग पहिल्या मजल्यावर गाण्यांचं दुकान दिसलं. थाई सीडी, व्हीसीडी, मासिकं, आणि एका कोपऱ्यात पंचे आणि लुंग्याही. मालकीणबाई पन्नाशीच्या, नाव नोक. सगळे त्यांना "पी नोक" म्हणत होते, "पी" म्हणजे ताई. मी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, असा कोणी माणूस माहीत आहे का. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सांगलीच्या बाजारात जाऊन मिशीवाल्या माणसाची चौकशी करतोय.

"फेस आय डोंट नो," त्या म्हणाल्या. "साँग लेट मी हिअर."

त्यांनी स्पीकर काउंटरवर ठेवला, गिऱ्हाइकांना थांबवलं आणि एकेक गाणं लावायला सुरुवात केली. पुढचा पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. कारण दोन महिने खाली वाजणाऱ्या या सगळ्या गाण्यांना मी "ते थाई काहीतरी" म्हणत होतो, आणि ती चार वेगवेगळ्या प्रकारची गाणी होती, चार वेगवेगळ्या गावांहून आलेली.

पहिली काही गाणी संथ. व्हायोलिनचा ताफा, मखमली पुरुषी आवाज, शब्द सावकाश ठेवलेले. "लूक क्रुंग," पी नोक म्हणाल्या, म्हणजे शहराचं लेकरू. बँकॉकची जुनी रेडिओवरची गाणी. आपलं भावगीत ज्यांना आवडतं त्यांना हे पहिल्या ऐकण्यात आवडेल. या गायकाबद्दल त्या म्हणाल्या की त्यांच्या आईने स्वयंपाक करताना याचं गाणं लागलं की गॅस बंद करायचा, असा घरात नियम होता.

नंतरची गाणी लूक थुंग. शेताचं लेकरू. इथे आवाज हलतो, गळ्यात गिरकी घेतो, मागे बँडबाजा वाजतो. गाव सोडून शहरात मजुरीला आलेल्या पोरीचं गाणं, तिच्यासाठी थांबलेल्या पोराचं गाणं. एक गायिका लागली तेव्हा दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी आपोआप ओळ उचलली. गावच्या जत्रेत अशी गायिका गायला उभी राहिली की लोक रांगेने जाऊन तिच्या गळ्यात हार घालतात, गाणं न थांबवता ती वाकून हार घेते. "सिंगिंग, बाउइंग, सिंगिंग," पी नोकनी करून दाखवलं.

तिसरा प्रकार मोर लाम, ईशान्येकडच्या इसान भागातला. यात बांबूच्या नळ्या बांधून केलेलं खेन नावाचं तोंडाने वाजवायचं वाद्य असतं, आवाज आपल्या पेटीच्या लांबच्या भावासारखा. गाणारा पुरुष आणि गाणारी बाई एकमेकांना टोमणे मारतात, प्रश्न घालतात, उत्तरं देतात. बाबा कान देऊन ऐकत होते. "ही जिंकली," एका ठिकाणी म्हणाले. पी नोकनी चमकून विचारलं, यांना कळतं? मी सांगितलं, शब्द एकही नाही. "बट करेक्ट," त्या म्हणाल्या.

नावं मी इथे लिहीत नाही, कारण माझ्या हातून ती चुकीचीच लिहिली जातील. पी नोकनी मला बिलाच्या पाठीवर सगळ्या गायकांची नावं थाईत लिहून दिली. तुम्हीही तसंच करून घ्या. कागद दाखवला की कुठल्याही थाई दुकानात गाणं मिळतं.

चौथा प्रकार लागला आणि त्या सरळ बसल्या. दोन तारांचं सारंगीसारखं वाद्य, ढोलकीसारखा ठेका, भाषाही निराळी. "कांत्रुम," त्या म्हणाल्या. हे फक्त सुरिन आणि आजूबाजूला गातात, कंबोडियाच्या सीमेवर, तिथली ख्मेर भाषा. इतर इसानी माणसाकडे अशी एक-दोन गाणी असतील, पण या कार्डावर वीस होती. "युअर अंकल सुरिन मॅन. सुरिन पीपल सिट डाउनस्टेअर, बॅक साइड, निअर द बस."

म्हणजे गाण्यांवरून पत्ता सापडला. मला इतका आनंद झाला की मी उठलोच. पण बाबांनी माझा हात धरून बसवलं. "शेवटचं राहिलं," म्हणाले.

शेवटची फाइल लागली. एका बाईचा आवाज. वाद्य काही नाही. मागे तेलात काहीतरी पडल्याचा चर्र आवाज, मग उलथनं, मग भांडं. बाई गुणगुणतेय, मध्येच थांबून कोणावर तरी खेकसते, पुन्हा तिथूनच गाणं उचलते. पी नोक आधी हसल्या आणि मग त्यांनी चष्मा काढला.

"दिस वन नॉट सिंगर," म्हणाल्या. "दिस वन वाइफ. शी स्कोल्डिंग द डॉग."

"ते मला माहिती होतं," बाबा मराठीत म्हणाले. "गायिकेच्या मागे फोडणी असते का कधी? हेच तर तो रोज शेवटी लावायचा. मीही हेच ऐकायला जायचो."

 आई गाताना अशीच मध्ये थांबून मला ओरडायची, "दूध बघ", आणि गाणं सोडलं तिथूनच धरायची. बाबा दोन महिने रोज खाली का जात होते, हे मला तिथे त्या दुकानात कळलं. वेळ घालवायला नव्हे. मला स्वतःचा फार राग आला.

मागच्या बाजूला चटया टाकून सात-आठ माणसं बसली होती. मधे भाताच्या वेताच्या टोपल्या, पपईची कोशिंबीर. बाबांना बघितल्याबरोबर एक जण उठला, सोन्याचा दात पूर्ण दिसेल असा हसला आणि हात जोडले. त्याचं नाव बुन. बाबांनी स्पीकर दोन्ही हातांनी पुढे केला. बुनने हात मागे घेतले.

"अंकल कीप," तो म्हणाला. बांधकामावर शिकलेलं त्याचं इंग्लिश माझ्यापेक्षा सरळ होतं. "आय गिव्ह अंकल. नॉट फर्गेट. गिव्ह." वय झालं, परमिट संपलं, याच आठवड्यात बसने कायमचा घरी चाललोय, बावीस वर्षांनी, असं त्याने सांगितलं. मी शेवटच्या फाइलबद्दल विचारलं. तुमच्या बायकोचा आवाज आहे ना, तो तरी ठेवायला नको का? बुन खदखदून हसला. "होम गॉट रिअल वन. एव्हरी डे सिंग. कॅनॉट स्विच ऑफ."

चटईवरचे सगळे हसले. मी बाबांना अर्थ सांगितला. स्पीकर विसरला नव्हता, दिला होता, हे ऐकून त्यांनी तो परत जवळ घेतला. मग त्यांनी मला भलतंच विचारलं. "याला विचार, निरोप समारंभ झाला का?"

मी विचारलं. बुनला आधी कळेना. मग म्हणाला, "बॉस से ओके, थँक यू, रिटर्न हेल्मेट."

"बावीस वर्षं," बाबा म्हणाले, "आणि हेल्मेट परत घेतलं?"

आता हे समजायला बाबांना ओळखायला हवं. पाटबंधारे खात्यातला प्रत्येक निरोप समारंभ त्यांनी लावलेला. शिपाई असो की साहेब, शाल आणि श्रीफळ सगळ्यांना एकच. त्यांचा ठाम समज की ज्याला नीट निरोप मिळत नाही तो माणूस घरी पोचतच नाही, अर्धा ऑफिसातच राहतो. त्यांनी पांढऱ्या शर्टाची बटणं लावली आणि मला कामाला लावलं. "वर जा. शाल आण, नारळ आण."

शाल कुठून आणणार? पी नोककडून मी नवा चौकड्यांचा पंचा घेतला, आठ डॉलर. कारण ऐकल्यावर त्या दुकानाला कुलूप लावून माझ्याबरोबरच निघाल्या. आमच्याकडेही मानाच्या माणसाला हाच देतात, असं त्या जिन्यात म्हणाल्या. नारळाची मात्र फजिती झाली. वरच्या थाई सुपरमार्केटात शेंडीचा नारळ नव्हता, शहाळं होतं. मी पैसे देईपर्यंत काउंटरवरच्या बाईने सवयीने कोयत्याने त्याचा माथा उडवला आणि स्ट्रॉ खोचली. मी ते तसंच खाली नेलं. बाबांनी श्रीफळाकडे पाहिलं, स्ट्रॉकडे पाहिलं. "असू दे," म्हणाले.

समारंभ रीतसर झाला. अध्यक्ष मी, कारण अध्यक्षाशिवाय बाबा सुरुवात करत नाहीत. प्रास्ताविक त्यांचं, सत्कारही त्यांचाच. पंचा बुनच्या खांद्यावर घातला, शहाळं हातात दिलं, स्ट्रॉ त्याच्याकडे राहील अशा बेताने. बुनचे सोबती जेवण थांबवून उभे राहिले. मग बाबा मराठीत बोलायला लागले. मी इंग्लिशमध्ये सांगायचं आणि पी नोकनी थाईत, असं ठरलं.

"सत्कारमूर्तींचं नाव मला आजच कळलं," बाबा म्हणाले. "पण यांची माझी ओळख जुनी आहे. दोन महिने आम्ही शेजारी बसलो. यांनी मला कधीही विचारलं नाही की तुम्ही गप्प का." हे मी सांगितलं. "माझी पत्नी गेल्यापासून माझ्या घरात कोणी गात नाही, कोणी ओरडत नाही. यांनी आपल्या घरातला आवाज मला रोज थोडा थोडा दिला. हे कर्ज," इथे ते थांबले, "नाही, कर्ज नको म्हणायला. हे माझ्यापाशी राहील."

मला ते सांगता येईना. मी अध्यक्ष, पांढऱ्या ट्यूबलाइटखाली, बसच्या कचेरीमागे, तोंड उघडून उभा. पी नोकनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि माझी वाट न बघता थाईत काहीतरी बोलायला सुरुवात केली. काय बोलल्या ते मी नंतरही विचारलं नाही. बुनने शहाळं खाली ठेवलं आणि पंच्याच्या टोकाने डोळे पुसले.

बाबांच्या कार्यक्रमपत्रिकेत आता मनोगत होतं. बुन भाषण करेना. त्याने एका सोबत्याला खूण केली, त्याने पिशवीतून खेन काढला, आणि बुन गायला. आवाज काही थोर नव्हता, दमही पुरत नव्हता. पण चटईवरचे लोक प्रत्येक ओळीला हसत होते, दाद देत होते आणि बाबांकडे बघत होते. मोर लाममध्ये समोर बसलेल्या माणसाला गाण्यात घ्यायची रीत आहे. पी नोकनी मला कानात अर्थ सांगितला. भारतातला एक काका आहे, ब्लॉकखाली बसतो, बोलत काही नाही, केळं अर्धं मला देतो. आता कोण खाणार अर्धं केळं?

"अर्धं द्यायचात तुम्ही?" मी बाबांना विचारलं.

"मग काय, अख्खं त्याच्यासमोर खाऊ?" बाबा म्हणाले.

आभारप्रदर्शन झालं, तेही त्यांनीच केलं, आणि शहाळं सगळ्यांनी घोट घोट घेतलं. अडीचला आम्ही निघालो.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. स्पीकर बाबांच्या मांडीवर. थोड्या वेळाने ते खिडकीकडे बघतच म्हणाले, "तिचा आवाज असा भरून ठेवायला हवा होता रे आपण. सुचलंच नाही."

मला सुचलं होतं, असं नाही. पण माझ्या फोनमध्ये आईचा एक व्हॉइस मेसेज होता, ती जायच्या दोन महिने आधीचा. चौदा सेकंदांचा. दीड वर्षात मी फोन बदलला तेव्हा तोही जपून नव्या फोनमध्ये घेतला, पण एकदाही ऐकला नव्हता. बाबांना त्रास होईल म्हणून त्यांना सांगितलंही नव्हतं. खरं तर त्रास मला होणार होता, बाबांचं नाव मी पुढे केलं होतं. जुरोंग ईस्टला गाडी बदलायला उतरलो तेव्हा प्लॅटफॉर्मवर मी त्यांना सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "घरी चल."

घरी जाऊन मी तो मेसेज मेमरी कार्डावर घातला, बुनच्या बायकोनंतर, सगळ्यात शेवटी. बाबांनी बटण दाबलं. "जेवलास का? डब्यात काय नेलं होतंस? फोन कर, पण सिरियल संपल्यावर कर." बस्स, एवढंच. केतकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाबा म्हणाले, "सर्दी झाली होती तेव्हा तिला." आणि पुन्हा बटण दाबलं.

गुरुवारी ते सांगलीला गेले. स्पीकर हातातल्या सामानात घेतला, विमानतळावर तपासणीत तो बाहेर काढून दाखवावा लागला तेव्हा अधिकाऱ्याला पहिलं गाणंही ऐकवलं. बीच रोडला मी नंतर पुष्कळदा गेलो. पी नोकचा कागद माझ्या पाकिटात आहे, घडीवर फाटलाय. लूक थुंगमधली ती गायिका आता मला दोन ओळींत ओळखू येते. तुम्ही गेलात तर रविवारी जा, पोटात जागा ठेवून जा, आणि गाणं कोणाचं ते विचारायला लाजू नका. तिथे गाण्यावरून माणसाचं गाव सांगतात.

रविवारी दुपारी मी सांगलीला फोन करतो. बाबा आता पुष्कळ बोलतात, पाण्याचं, शेजाऱ्यांचं, पेन्शनच्या कारकुनाचं. त्यांच्या मागे स्पीकर चालू असतो. आधी शहराचं लेकरू, मग शेताचं, मग खेन, मग सुरिनची सारंगी. मग तेलात काहीतरी पडतं आणि एक बाई कुत्र्यावर ओरडते. त्यानंतर आम्ही दोघंही बोलायचं थांबतो.

"जेवलास का?" आई विचारते. प्रश्न मुळात मला आहे. पण माझ्या आधी बाबाच उत्तर देतात.

"जेवलो गं. आत्ताच."